पोट आणि पंगत : अमेरिकेतील मतदाराविषयी काही विचार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात वक्त्याचा मान दरसाल एखाद्या प्राध्यापकास, वकिलास अगर डॉक्टरास मिळत आला आहे. यंदा कार्यकारी मंडळाने तो मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकास दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय कोणता घ्यावा हे मंडळाने आमच्यावरच सोपविले होते. आम्ही ‘अमेरिकेतील मतदार’ हा विषय कळविला, तेव्हा चिटणीस हसून म्हणाले, ‘गुरुजी, आपल्या ज्ञातीला अमेरिकेच्या निवडणुकीशी काय कर्तव्य?’ या प्रश्नाचे उत्तर व्याख्यानाच्या अखेरीस आपणांस मिळेल अशी आशा आहे.

आमच्या कन्येच्या दुसऱ्या बाळंतपणानिमित्त सन २०२४ च्या पावसाळ्याअखेर आम्ही उभयतां अमेरिकेत गेलो. जावई मिशिगन राज्यात मोटारींच्या व्यवसायात अभियंता आहेत. डेट्रॉईट हे मोटारींचे जगप्रसिद्ध शहर. त्याच्या उत्तरेस मॅकोम नावाचा परगणा आहे, तेथे त्यांचे बिऱ्हाड. नोव्हेंबरच्या ५ तारखेस राष्ट्राध्यक्षाची निवडणूक व्हावयाची होती. घरोघर अंगणात उमेदवारांच्या नावाच्या पाट्या रोवलेल्या असत. घरात बाळंतिणीची उस्तवार आमच्या मंडळींकडे. आम्हांस दुपारी काम नसे. म्हणून आम्ही सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसत असू. तेथे आमच्याच वयाच्या दोन गृहस्थांची ओळख झाली.

पहिले गृहस्थ गौरवर्णीय, दुसरे कृष्णवर्णीय. दोघांनीही मोटारीच्या कारखान्यात तीस तीस वर्षे घाम गाळलेला. आमचे इंग्रजी मोडकेतोडके, तरी गाऱ्हाणे समजण्यास फार व्याकरण लागत नाही. पहिले म्हणाले, आम्हांला जो पगार मिळत होता तो आमच्या मुलांना मिळत नाही. कारखाने मेक्सिकोत गेले. औषधांचा खर्च झेपत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांनी हेच गाऱ्हाणे जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. आम्ही मनात म्हटले, या दोघांचे मत एकाच पेटीत पडणार. प्रत्यक्षात पहिल्यांनी ट्रंप यांना व दुसऱ्यांनी कमला हॅरिस यांना मत देण्याचे ठरविले होते, आणि एकाचा निर्णय दुसऱ्यास मुळीच समजत नव्हता. दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. ते बसत असत ती टेबले दहा पावलांच्या अंतरावर होती.

त्या दहा पावलांत काय आहे, हे समजून घेण्यासाठी आम्ही त्याच वाचनालयात बसून जे वाचले, जावयांकडून जे समजावून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. आमचा तेथील कोणत्याही पक्षाशी संबंध नाही.

मतदार मत देतो तेव्हा त्याच्या मनात दोन प्रश्न असतात. पहिला प्रश्न पोटाचा : माझी मजुरी, माझे घर, मुलांची शाळा, म्हातारपणाचा आधार यांची व्यवस्था कोण करील? दुसरा प्रश्न पंगतीचा : माझे लोक कोण? मी कोणाच्या शेजारी बसतो आणि कोणास माझ्या शेजारी बसू देत नाही? विद्वान मंडळी पहिल्यास वर्ग म्हणतात. दुसऱ्यास अमेरिकेत वंश किंवा वर्ण म्हणतात. आम्ही आपले पोट आणि पंगत हेच शब्द वापरू.

अमेरिकेत पंगतीचा प्रश्न राज्यघटनेच्या जन्माबरोबरच आला. १७८७ साली घटना लिहिली गेली तेव्हा दक्षिणेकडील राज्यांत लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे गुलामीत होती. प्रतिनिधिगृहात कोणत्या राज्याच्या किती जागा असाव्यात हे लोकसंख्येवरून ठरावयाचे होते. मालकांनी म्हटले, आमचे गुलामही मोजा. तडजोड अशी झाली की पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरावीत. गुलामांना मत नव्हते. त्यांच्या शिरगणतीने मालकांचे प्रतिनिधी मात्र वाढले. गणिताचा इतका निर्दय उपयोग आम्ही आमच्या सबंध शिक्षकी आयुष्यात पाहिला नाही.

प्रारंभी गरीब गोऱ्यासही बहुतेक ठिकाणी मत नव्हते. त्यासाठी जमीन किंवा मालमत्ता लागे. पुढे ही अट हळूहळू सुटत गेली. ती सुटत असताना काय घडले ते पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्क राज्याच्या १८२१ च्या घटनेने गोऱ्यांवरील मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली आणि कृष्णवर्णीयांसाठी मात्र २५० डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांचे मतच काढून घेतले. गरीब गोऱ्यास जो दरवाजा उघडला, त्याच दरवाज्यातून काळ्या माणसास बाहेर काढण्यात आले. गरीब गोऱ्याने त्यातून एक धडा घेतला : आपली प्रतिष्ठा आपल्या मिळकतीवर नव्हे, आपल्या कातडीवर उभी आहे.

१८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने नष्ट झाली. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटमध्ये गेले. परंतु १८७७ मध्ये दक्षिणेत उरलेल्या केंद्रीय फौजांचा पाठिंबा काढून घेण्यात आला, आणि जुने जमीनदार पुन्हा सत्तेवर बसले.

आता आपणांस एका मनुष्याची कथा सांगावयाची आहे. जॉर्जिया राज्यात टॉम वॉटसन नावाचा एक पुढारी होता. १८९० नंतर कापसाचे भाव कोसळले आणि लहान शेतकरी सावकाराच्या वहीत अडकले. सावकाराची वही वर्ण पाहत नाही, हे आपल्याकडील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. वॉटसन गोऱ्या व काळ्या शेतकऱ्यांना सांगू लागला की तुम्हां दोघांना वेगळे ठेवण्यात येते ते दोघांनाही लुबाडता यावे म्हणून. जेथे एका बाकावर बसणे हा अपराध समजला जाई, तेथे दोन्ही वर्णांचे लोक त्याच्या सभांस येऊ लागले. जनता पक्ष म्हणजेच पीपल्स पार्टी हे त्या चळवळीचे नाव. पोटाचा प्रश्न पंगतीस भारी पडण्याची ती वेळ होती.

ती वेळ टिकू दिली गेली नाही. लाच, दहशत आणि मतांची अफरातफर यांनी चळवळ मोडली. हा वॉटसनच पुढे पूर्ण फिरला. कृष्णवर्णीयांचा, ज्यूंचा आणि कॅथलिकांचा द्वेष तो आपल्या पत्रांतून शिकवू लागला, आणि त्या बळावर १९२० मध्ये सिनेटवर निवडून आला. पोटाचा प्रश्न विचारीत होता तोवर पराभव, पंगतीचा प्रश्न विचारू लागताच विजय. या एका चरित्रात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या राजकारणाचा अर्धा इतिहास आला असे आम्हांस वाटते.

दक्षिणेच्या राज्यकर्त्यांनी अशी चळवळ पुन्हा उभी राहू नये म्हणून कायदे केले. मिसिसिपीने १८९० च्या घटनेत मतदारावर दोन डॉलरची डोईपट्टी बसविली आणि घटनेचा उतारा समजावून सांगण्याची परीक्षा ठेवली. परीक्षक गोरा, परीक्षार्थी बहुधा काळा. निकाल काय लागणार हे शिक्षकाने सांगावयास नको. लुइझियाना राज्यात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये त्यांपैकी अवघे १,३४२ उरले. पण येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. डोईपट्टी भरण्यास पैसा नव्हता म्हणून हजारो गरीब गोरेही यादीतून गळाले. काळ्यांना हाकलण्यासाठी बांधलेल्या कुंपणाच्या बाहेर तेही जाऊन पडले आणि तरीही त्या कुंपणाचा अभिमान बाळगीत राहिले.

असे का व्हावे? डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानाने १९३५ मधील आपल्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात याचे उत्तर शोधले आहे. त्याचा आशय असा की, गोऱ्या मजुरास मजुरी थोडीच मिळे, पण तिच्या जोडीला मानाची एक वेगळी मजुरी मिळे. रस्त्यात त्याला आदराने वागविले जाई, चांगल्या शाळा व बागा त्याच्यासाठी राखीव असत. पंगतीतील वरचे पान हीच त्याची भरपाई. वाढणाऱ्यास यात काहीच खर्च नव्हता, कारण पानात अन्न घालावे लागत नव्हते.

१९२९ नंतर महामंदी आली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी रोजगाराच्या व मदतीच्या योजना काढल्या. तोपर्यंत कृष्णवर्णीय मतदार लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी निष्ठावंत होता. १९३६ मध्ये उत्तरेकडील शहरांतील कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने रूझवेल्ट यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेला, आणि एकाच पक्षात दक्षिणेचे वर्णाभिमानी गोरे, उत्तरेचे कामगार आणि कृष्णवर्णीय असे तिघे एकत्र आले. पण या ऐक्याची किंमत कोणी दिली? १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना पेन्शन दिली, तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना त्यातून वगळण्यात आले. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके हीच कामे करीत. कायद्यात वर्णाचा एक शब्दही नव्हता.

हे ऐक्य पुढे दोन टप्प्यांत फुटले. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद बंद करण्याचा आदेश काढला. त्या वर्षी फुटून उभ्या राहिलेल्या स्ट्रॉम थर्मंड यांनी दक्षिणेतील चार राज्ये जिंकली. १९६४ मध्ये जॉन्सन यांनी नागरी हक्कांचा कायदा संमत करून घेतला. त्याविरुद्ध मत देणारे बॅरी गोल्डवॉटर देशभर सपाटून हरले. त्यांना स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज पाचच राज्ये मिळाली आणि ती पाचही दक्षिणेची. मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली. तेव्हापासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या एकाही राष्ट्राध्यक्षीय उमेदवारास गौरवर्णीयांची बहुसंख्य मते मिळालेली नाहीत, आणि कृष्णवर्णीयांपैकी दहांत आठ-नऊ मतदार सातत्याने त्याच पक्षास मत देत आले आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोणी म्हणेल, काळेही पंगत पाहूनच मत देतात, मग गोऱ्यांना दोष का? वाचनालयातील आमच्या कृष्णवर्णीय स्नेह्यांना आम्ही हाच प्रश्न केला. ते म्हणाले, ‘माझी आई अलाबामात मोठी झाली. १९६५ पूर्वी तिला मत देता आले नाही. ज्या कायद्याने तिला मत दिले तो कोणी केला आणि कोणी अडविला, हे मी विसरू का?’ मार्च १९६५ मध्ये सेल्मा येथील पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, आणि ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. मिसिसिपीत त्या वर्षी कृष्णवर्णीय प्रौढांपैकी शेकडा ७ देखील मतदारयादीत नव्हते. दोन वर्षांत ते प्रमाण शेकडा ६० च्या घरात गेले. ज्यांच्या पोटावर पाय पंगतीच्याच नावाने दिला गेला, त्यांच्यापुरते हे दोन प्रश्न वेगळे राहिलेले नसतात. मार खाणाऱ्यांची एकजूट आणि वरचे पान राखणाऱ्यांची एकजूट यांस एकाच तराजूत घालता येत नाही.

आता पुन्हा डेट्रॉईटकडे वळू. जावयांनी एके रविवारी आम्हांस एक भिंत दाखविली. शहराच्या सीमेवर एट माइल नावाचा रस्ता आहे, त्याच्या जवळच ती उभी आहे. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकास गोऱ्यांसाठी घरे बांधावयाची होती. पण कृष्णवर्णीयांची वस्ती लगतच असल्याने सरकारी कर्जहमी मिळेना. त्याने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. आता त्या भिंतीवर मुलाबाळांची, घरांची रंगीत चित्रे काढलेली आहेत. आम्ही हात लावून पाहिला. आपल्याकडील गावकुसाची आठवण झाली आणि मन खिन्न झाले.

त्याच शहरातील कारखान्यांत दोन्ही वर्णांचे कामगार एका संघटनेत होते, एका संपात होते. पण पाळी संपली की ते भिंतीच्या दोन बाजूंना जात. १९४३ च्या दंगलीत ३४ आणि १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली. गोरी कुटुंबे एट माइल ओलांडून मॅकोमसारख्या परगण्यांत गेली. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेले डेट्रॉईट २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आले.

या मॅकोम परगण्याची मते पाहा. १९६० मध्ये त्याने केनेडींना शेकडा ६३ मते दिली. पुढे शहर आणि उपनगर यांची मुले एका शाळेत बसविण्यासाठी बसगाड्यांनी नेण्याचा प्रश्न पेटला. १९७२ मध्ये मिशिगनमधील डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत अलाबामाचे वर्णभेदवादी जॉर्ज वॉलेस पहिले आले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उपनगरांना त्या योजनेत ओढता येणार नाही. १९८४ मध्ये मॅकोमने सुमारे दोन तृतीयांश मते रेगन यांना दिली. दुसऱ्याच वर्षी स्टॅन्ली ग्रीनबर्ग या संशोधकाने तेथील गोऱ्या कामगारांशी बैठका घेतल्या, तेव्हा आपल्या बहुतेक अडचणींचे खापर ते डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीयांवर फोडीत असल्याचे त्यास आढळले.

कथा येथे संपली असती तर आम्ही म्हटले असते की पंगत जिंकली. पण २००८ मध्ये याच मॅकोमने बराक ओबामा या कृष्णवर्णीयास बहुमत दिले. २०१२ मध्ये पुन्हा दिले. आणि २०१६, २०२० व २०२४ या तिन्ही वेळी ट्रंप यांना दिले. २०१६ मध्ये सबंध मिशिगन राज्य ट्रंप यांनी १०,७०४ मतांनी जिंकले. एकट्या मॅकोमची आघाडी सुमारे ४८ हजारांची होती. वाचनालयातील आमच्या गौरवर्णीय स्नेह्यांनीही २००८ मध्ये ओबामांना मत दिले होते. त्यांना केवळ वर्णद्वेष्टे म्हणून कसे मोकळे व्हावे?

आम्ही त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, ‘मेक्सिकोशी खुल्या व्यापाराचा करार झाला तो दोन्ही पक्षांनी मिळून केला. कारखाने गेले तेव्हा कोणीही अडविले नाही. मग मी निदान माझ्याकडे पाहून बोलणाऱ्यास मत देतो.’ तो करार १ जानेवारी १९९४ पासून अमलात आला. तो अमलात आणणाऱ्या कायद्यावर सही डेमोक्रॅटिक पक्षाचे क्लिंटन यांची होती आणि वाटाघाटी त्यांच्या आधीच्या रिपब्लिकन राजवटीत झालेल्या. कामगार संघटनाही क्षीण झाल्या. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कामगारांपैकी सुमारे एक तृतीयांश संघटित होते. २०२४ मध्ये दहांत एकही धड नव्हता. दोन वर्णांच्या माणसांना एका सतरंजीवर बसवून पोटाचा हिशेब करण्याची तीच तर जागा होती. ती जागा गेली आणि सतरंजी गुंडाळली गेली.

यातून आमच्या अल्पबुद्धीस एक गोष्ट दिसते, आणि या व्याख्यानाचे सार तेच आहे. मतदार मूर्ख असतो म्हणून पंगतीकडे वळत नाही. पोटाच्या प्रश्नावर सर्व पक्षांचे उत्तर सारखेच होते, किंवा कोणीच उत्तर देत नाही, तेव्हा निवडण्यासारखी एकच गोष्ट त्याच्यापुढे उरते, आणि ती म्हणजे पंगत.

याला दुजोरा देणारी घटना २०२४ मध्येच घडली. टेक्सास राज्यात मेक्सिकोच्या सीमेवर स्टार नावाचा परगणा आहे. तेथील जवळजवळ सर्व वस्ती स्पॅनिश भाषिक वंशाची आणि गरीब. १८९२ नंतर त्या परगण्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवारास कधी बहुमत दिले नव्हते. २०२४ मध्ये ते ट्रंप यांना दिले. महागाईचे ते दिवस होते. एक वंश म्हणजे एका पक्षाची ठेव, हा हिशेब तेथे चुकला. शिवाय पूर्वी कमी शिकलेला कामगार डेमोक्रॅटिक आणि पदवीधर रिपब्लिकन अशी जी सर्वसाधारण वाटणी गोऱ्यांत होती, ती आता उलटली आहे. वर्गाची खूण आता पगारापेक्षा पदवीवरून अधिक दिसते, आणि कमी शिकलेल्यास वाटते की शिकलेले लोक आपणांस कमी लेखतात. मॅट्रिक झालेल्या मनुष्यास ही व्यथा समजते.

आता परदेशी गेलेल्या आपल्या लोकांविषयी. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशीयांनाच मिळे. थिंड यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले की हे उच्चवर्णीय आर्य आहेत, खालच्या जातींशी बेटीव्यवहार ठेवीत नाहीत, सबब हे गोरेच होत. १९२३ मध्ये न्यायालयाने हा दावा फेटाळला. बंधुभगिनींनो, जातीचा अभिमान सातासमुद्रापार नेऊन पंगतीत वरचे पान मागितले आणि दारातूनच परत फिरावे लागले! हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला. आणि आमच्या जावयांसारख्या हजारो शिक्षितांना तेथे जाता आले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. ज्या नागरी हक्कांच्या चळवळीत सेल्माच्या पुलावर डोकी फुटली, त्याच चळवळीने देशाचे मन पालटले म्हणून हा कायदा होऊ शकला. त्या पुलावरून चालणाऱ्यांत आपण नव्हतो, परंतु त्या पुलावरून पलीकडे आपण गेलो आहोत.

बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉईटमधूनच प्रतिनिधिगृहावर निवडून गेले, २०२४ मध्ये पुन्हा गेले. त्या मतदारसंघात कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी आहे. १९५५ पासून डेट्रॉईटचा निदान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी तेथे असे. २०२३ पासून ती परंपरा खंडित झाली, याची खंत अनेकांनी बोलून दाखविली. ही खंत क्षुद्र म्हणता येणार नाही. तथापि ज्या शहरात भिंत बांधली गेली, तेथे बेळगावच्या मराठी मनुष्यास परक्यांनी मते दिली, हेही लहान नव्हे.

आपल्या महाराष्ट्राने हा विषय फार पूर्वी ओळखला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी ड्यूबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. वर्ण आणि जात यांची भावकी या थोरांनी जाणली होती. म्हणून चिटणीसांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता देऊ शकतो.

प्रथम स्वतःचा अपराध सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गावी एक स्थानिक निवडणूक झाली. दोन उमेदवार होते. एक आपल्या ज्ञातीचे. दुसरे परज्ञातीचे, पण ते शाळेत येऊन गळक्या छताची फुटकी कौले मोजून गेले होते. आम्ही आडनाव पाहिले, आपल्या माणसास मत दिले, आणि घरच्यांनाही तसेच सांगितले. आपला माणूस निवडून आला. सत्काराचा हार आम्हीच घातला. पुढे पाच पावसाळे दोन वर्ग गळत राहिले. त्या पाण्यात भिजणाऱ्या मुलांत सर्व जातींची मुले होती, आपल्याही ज्ञातीची होती. आम्ही फळा कोरड्या कोपऱ्यात सरकवीत असू, तेव्हा त्या मुलांच्या तोंडाकडे पाहण्याचा आम्हांस धीर होत नसे. आम्हांलाही मानाची मजुरी मिळाली होती. पानात मात्र काही पडले नव्हते.

यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेवर, येत्या निवडणुकीत ज्ञातीने एकमुखाने ज्ञातीच्याच उमेदवारास मत द्यावे, असा एक ठराव असल्याचे समजते. ठराव मांडणारांचा हेतू चांगला आहे याविषयी आम्हांस शंका नाही. लहान ज्ञातीस कोणी विचारीत नाही ही तक्रारही खरी आहे. तरी आमची हात जोडून विनंती आहे की हा ठराव असा मंजूर करू नये. जो मनुष्य आपले मत आडनावावरच मिळणार हे आधीच जाणतो, त्यास आपल्या छताकडे पाहण्याचे कारण उरत नाही. आणि ज्यास आपले मत मिळणारच नाही हे ठाऊक आहे, तोही पाहत नाही. अमेरिकेतील दोन्ही पक्षांनी दोन्ही वर्णांच्या गरिबांशी अनेकदा असेच वर्तन केले.

त्याऐवजी मंडळाने एक कागद तयार करावा. शाळा, पाणी, दवाखाना, वसतिगृह, तरुणांचा रोजगार, असे पाच प्रश्न त्यावर लिहावेत. ते प्रत्येक उमेदवारास, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, लेखी विचारावेत आणि आलेली उत्तरे ज्ञातिगृहाच्या फलकावर लावावीत. आजूबाजूच्या इतर ज्ञातींच्या मंडळांनाही या कामी बोलवावे, कारण त्यांचीही मुले त्याच वर्गात बसतात. मग ज्याचे त्याने आपले मत गुप्तपणे द्यावे. आपलाच माणूस उत्तरांत सरस ठरला तर त्यास आनंदाने द्यावे. त्यात कमीपणा नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाचनालयात निरोप घेण्यास गेलो. निवडणूक होऊन गेली होती. योगायोगाने दोन्ही स्नेही आले होते. आम्ही आमच्या मोडक्या इंग्रजीत दोघांची ओळख करून दिली. दोघे कोणत्या कारखान्यात होते हे त्यांनी एकमेकांस विचारले. तो एकच निघाला. पाळ्या तेवढ्या वेगळ्या होत्या. मग ते एका टेबलाशी बसून कोणत्या फोरमनचा स्वभाव कसा होता याविषयी बोलू लागले. निवडणुकीचा विषय निघाला नाही. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि निघालो. पुढे काय झाले ठाऊक नाही.

 ज्ञातीतील मुलामुलींचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुलांचाही होवो, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण संपवितो.